उलट्या सीटची मोटारसायकल

अंगठ्याचं नख वस्तूवरून हळूच फिरवायचं, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा, "पास न्हाई. पण भंगार बी न्हाई. रिवर्क!" आमच्या शेजारच्या खोलीतल्या भाऊजींचा हा रोजचा प्रयोग. कारखान्यात ते तपासणी खात्यात होते. मशीनवरून उतरलेला प्रत्येक दांडा त्यांच्या नखाखालून जायचा, आणि घरी आल्यावरही त्या नखाला सुट्टी नसायची. भिंतीचा गिलावा, सुतारानं केलेला पाट, माझ्या हातची करंजी, सगळ्यांना तीच परीक्षा. मी लग्न होऊन चिंचवडच्या त्या चाळीत आले, तेव्हा पहिल्याच दिवशी आमच्या दाराच्या कडीवर नख फिरवून ते माझ्या नवऱ्याला म्हणाले, "कडी रिवर्क. नवरी पास!" रागवावं की हसावं, हे मी ठरवेपर्यंत ते निघूनही गेले होते.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. त्याच्यापुढे ताट वाढताना आपला हात जरा जपूनच चालतो. चाळीत सगळे त्यांना इन्स्पेक्टर म्हणत. एका नव्या दूधवाल्यानं हे ऐकलं आणि तो घाबरून बरेच दिवस निर्भेळ दूध घालत होता. त्याच्या कानावर खरं काय ते कुणी घातलं, देव जाणे. आम्ही बायका अजून त्याचा शोध घेतोय.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. कारखाने नवे होते, चाळी नव्या होत्या आणि जो तो कुठल्या ना कुठल्या शिफ्टला पळत होता. एका रविवारी भाऊजी देहूरोडच्या लष्करी लिलावातून हातगाडी घेऊन आले. तीत दोन पोती आणि एक गंजका सांगाडा होता.

"काय आणलंत?" मी विचारलं.

"मोटारसायकल हाय, बाई." मी शाळेत शिकवत असे, म्हणून ते मला बाई म्हणत. "विलायती हाय. लढाईत विमानातनं खाली सोडायचे हिला."

"जोडून सोडायचे की अशीच पोत्यात?"

आतून वहिनींचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, आवाज आला, "मग वर न्या आन् परत सोडा. माझ्या व्हरांड्यात नगं ते मढं!"

पण मढं व्हरांड्यातच राहिलं. वहिनींच्या घमेल्यात रॉकेल ओतून त्यात नटबोल्ट भिजत पडले. भाकरीच्या तव्यावर भाऊजींनी कसलीशी गोल कडी तापवली, त्या दिवशी वहिनींनी त्यांना भाताशिवाय काही दिलं नाही. पेट्रोलची टाकी आतून गंजली होती, तर त्यांनी तीत चिंचेचं पाणी आणि बारीक खडे भरले आणि जो भेटेल त्याच्या हातात टाकी देऊ लागले. "जरा हलवा की, राव." पोस्टमननंसुद्धा ती हलवली. चिंच मागायला ते पुन्हा माझ्या दारात आले तेव्हा मी म्हटलं, "भाऊजी, गाडीला डोहाळे लागलेत का हो?" तसा हा गंभीर माणूस लाजून लाल झाला.

रंग शेवाळी द्यायचा की तांबडा, यावर सगळी चाळ भांडली. जो तो आपापल्या खात्यातलं ज्ञान पाजळत होता. भाऊजी सगळ्यांचं ऐकून घेत, मान डोलावत आणि शेवटी मनात होतं तेच करत. गाडी तांबडी झाली.

एवढा खटाटोप कशासाठी, ते मात्र कुणाला कळत नव्हतं. कामावर ते सायकलनं जात आणि त्यात खूश होते. आम्हाला वाटे, हौस असेल. मग एका दुपारी वहिनी भिंतीला टेकून शेंगा सोलत बसल्या होत्या आणि भाऊजी टेप घेऊन त्यांच्या पायाचं माप घेऊ लागले.

"अवं, माप कशाला घेताय? तिरडी बांधताय का माझी?"

"गप बस. हलू नगं. माप चुकतंय."

वहिनींचा उजवा गुडघा तरुणपणी हाडाच्या दुखण्यानं कायमचा आखडला होता. पाय सरळच राही. चाळीत त्या भिंतीला धरून भराभर हिंडत, पण लांब चालणं व्हायचं नाही. त्यांचं माहेर चाकणच्या पुढे, भामा नदीच्या अंगाला. एसटीतून उतरलं की पुढे शेताबांधातून बरीच चाल. मागे एकदा भावानं त्यांना पाठीवर बसवून नेलं होतं. सगळं गाव बघत होतं. त्यानंतर वहिनींनी माहेरचं नाव टाकलं. बैलगाडी नको, जीप नको. "पोत्यासारखं उचलून नेऊन ठिवायला मी काय कांदं हाय? मला न्हाई जायचं कुटं."

आणि त्या साली निरोप आला की, आईच्या डोळ्यांत पडदा आला आहे. दिवसेंदिवस कमी दिसतंय. दिसतंय तोवर लेकीला एकदा दारात बघू दे, एवढंच म्हातारीचं म्हणणं होतं. निरोप ऐकूनही वहिनी "मला न्हाई जायचं" हेच म्हणाल्या, पण शेंगा सोलताना टरफलं परातीत आणि दाणे कचऱ्यात जात होते. ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं. भाऊजींनी अर्थातच आमच्या आधी पाहिलं होतं.

सरळ पाय घेऊन मोटारसायकलवर मागे बसायचं कसं? एका बाजूला बसावं तर पाय रस्त्यात आडवा. भाऊजींनी बसून बसून विचार केला आणि मागची सीट चक्क उलटी बसवली. म्हणजे नवऱ्याचं तोंड चाकणकडे, बायकोचं चिंचवडकडे. दोघांच्या पाठींमध्ये गादी लावलेली फळी, बाजूला धरायला कडी आणि मागच्या चाकावर लांब फळी, पाय ऐसपैस पसरायला. वहिनींना कुणाचा हात न धरता चढता-उतरता यावं म्हणून एक बुटकी पायरीही होती. ती सीट बघून चाळ खो खो हसली. माझे यजमान म्हणाले, "इन्स्पेक्टर, भांडण झालं तर बरं पडेल. एकमेकांचं तोंड बघायला नको!"

वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी सीटवरून हात फिरवला, मग त्या पायरीकडे बघत राहिल्या. "दसऱ्याला जाऊ," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

आता खंडेनवमीला हत्यारांची पूजा करायची आणि दसऱ्याचं सोनं लुटेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, हा आमच्या कामगार वस्तीतला अगदी कडक नेम. भाऊजींनी पाने, हातोडी, पकड सगळं पाटावर मांडलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. गाडीलाही हार घातला. आणि मग, प्रत्येक गोष्टीवर नख फिरवणाऱ्या या माणसानं भक्तीच्या भरात नारळ थेट इंजिनावर फोडला!

दसऱ्याला सकाळी सगळी चाळ रस्त्यावर. वहिनी हिरवं लुगडं नेसून, आईसाठी पुरणपोळ्यांचा डबा मांडीवर घेऊन सीटवर चढून बसलेल्या. भाऊजींनी किक मारली. पुन्हा मारली. मारतच राहिले. गाडी ढिम्म. त्यांनी वाकून इंजिनाजवळ वास घेतला आणि कपाळाला हात लावला. नारळाचं पाणी इंजिनाच्या ठिणगी पाडणाऱ्या डब्यात शिरलं होतं.

डबा उघडायचा तर पाना हवा, आणि पाना पूजेत. शेजारच्या चाळीतून पाना आणावा, तर तिथंही पूजाच. भाऊजींचा चेहरा इतका पडलेला मी कधी पाहिला नव्हता. एवढे महिने चालढकल न करता खपलेला माणूस, आणि आज या एका नारळानं त्याला अडवलं. मला तर रडूच आलं. आणि नेमाची सगळ्यांत कडक पहारेकरीण म्हणजे वहिनी. मागे एका खंडेनवमीला त्यांनी शेजाऱ्याला खिळासुद्धा ठोकू दिला नव्हता.

वहिनी सीटवरून उतरल्या. भिंत धरत आत गेल्या. आम्हाला वाटलं, आता लुगडं बदलतील. पण त्या पाना घेऊन बाहेर आल्या. त्याला अजून हळदकुंकू चिकटलं होतं.

"अगं, पूजा मोडलीस?" भाऊजी दचकले.

"देवी बी कुनाची तरी लेक हाय," वहिनी म्हणाल्या. "तिला समजंल. घ्या, लवकर खोला."

डबा उघडला, पुसला, फुंकला. पुढच्याच किकला निळा धूर काढत गाडी अशी काही ओरडली की दोन कुत्री थेट स्टेशनकडे पळाली. आम्ही टाळ्या वाजवल्या. भाऊजी निघाले. आणि निघून जाणाऱ्या माणसाची पाठ दिसायच्या ऐवजी आम्हाला वळण येईपर्यंत वहिनींचा हसरा चेहराच दिसत राहिला. अधूनमधून त्या मान वळवून ओरडत, "मागनं ट्रक आला वं!"

संध्याकाळी दोघं परतली. "काय झालं?" असं आम्ही दहादा विचारलं, पण भाऊजींनी फक्त "भेटली" एवढंच सांगितलं आणि ते गाडी पुसत बसले.

भाऊजींना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. शेजारच्या खोलीत दुसरं कुटुंब आलं. माझ्या करंज्या आता कुणी तपासत नाही, आणि खरं सांगते, त्या पहिल्यासारख्या होतही नाहीत. वहिनी लेकाकडे असतात. मी मधे भेटायला गेले, तेव्हा त्यांनी त्या दसऱ्याचं उरलेलं सांगितलं.

गाडी अंगणात शिरली तेव्हा म्हातारी दारात उभी होती. तिला अंधूक अंधूक एकटे जावईच दिसले. लेक त्यांच्या पाठीआड. म्हातारीचं तोंड एवढंसं झालं. "जावईबापू, येकलंच आलाव व्हय?" तिनं विचारलं. पाठमोऱ्या बसलेल्या वहिनींना ते ऐकू आलं. त्या हाक मारणार, तेवढ्यात भाऊजींनी इंजिन चालूच ठेवून दोन्ही पाय जमिनीला टेकवले आणि अंगणातल्या अंगणात गाडी हळूहळू अर्धी फिरवली, लेकीचं तोंड दाराकडे येईपर्यंत.