विचारलं नाही, सांगितलं नाही

पहिल्या खेपेला माझं पोट कापावं लागलं. शुद्धीवर आले तेव्हा सासूबाई उशाशी बसल्या होत्या.

"बाळ कुठंय?" मी विचारलं.

"देवानं नेलं. पडून राहा. टाके कच्चे हायेत."

मी पडून राहिले. रडू आलं नाही. टाके दुखत होते, तेवढंच कळत होतं.

आठ दिवसांनी मुकुंदवाडीतल्या भाड्याच्या खोलीत आलो. मला दूध यायला लागलं. सासूबाईंनी जुन्या लुगड्याची पट्टी छातीला आवळून बांधली. महिन्याभरानं पिशोरला कापूस वेचणीला आला, तशा त्या गावी निघून गेल्या. दवाखान्याचे कागद पिशवीत घालून ह्यांनी पत्र्याच्या पेटीत ठेवले होते. मी ती पिशवी उघडली नाही.

हे चितेगावच्या कंपनीत कामाला होते. ड्यूटीवरून यायचे, हातपाय धुवून जेवायचे, झोपायचे. मीठ कमी आहे, पाणी आलं का, एवढंच आमच्यात बोलणं. ह्यांना काही वाटतच नाही, असं मी धरून चालले होते. त्याचा रागही येत नव्हता. भांडी घासताना हात पाण्यात कितीतरी वेळ तसाच राहायचा.

असे चार महिने गेले. एका सुट्टीच्या दिवशी हे दारात बसून स्टोव्हचा पंप खोलत होते. मी आत तांदूळ निवडत होते. सरकारी दवाखान्यातली नर्सबाई रजिस्टर घेऊन आली.

"तुमच्याकडं बाळंतपण झालंय ना? डोस राहिलेत. बाळाला आणा."

"मुलगी होती, ताई," हे म्हणाले. "तासाभरात गेली."

नर्सबाईनं काहीतरी खोडलं आणि शेजारच्या दाराकडं गेली.

मी सूप खाली ठेवून बाहेर आले.

"मुलगी होती?"

ह्यांनी वर पाहिलं. हात रॉकेलनं भरलेले.

"तुला म्हाईत नाय?"

"कुणी सांगितलंच नाही."

"मला वाटलं, आईनं सांगितलं आसंल."

"त्यांना वाटलं असंल, तुम्ही सांगितलं."

"तू कधी इचारलंबी नाय. म्हणलं, तुला त्यातलं काय ऐकायचंच नाय."

"मला वाटलं, तुम्हाला त्याचं काही नाही."

ह्यांनी पंप खाली ठेवला, हात फडक्याला पुसले. मग म्हणाले, "मी धरलं व्हतं तिला. लई केस व्हते. कानापर्यंत आलेले."

"अजून सांगा."

"बोटं लांब व्हती. तुझ्यावानी. माती मीच लोटली. माझे मामा म्हणत व्हते, तू नको. पण मीच लोटली."

"तुम्ही रडलात?"

"कंपनीत. मशीनच्या आवाजात कुणाला कळत नाय."

मी आत येऊन तांदूळ धुतले. तेव्हाही मला रडू आलं नाही. पण ह्यांच्या बोटांवर किती ओरखडे आहेत, ते त्या दिवशी जेवताना दिसलं. कशाचे, म्हणून विचारलं. पत्र्याचे, म्हणाले. मग कंपनीत पत्रा कसा कापतात ते सांगत बसले.

पुढच्या सुट्टीला मीच म्हणाले, मला ती जागा दाखवा. गेलो. जमीन सपाट झाली होती, गवत वाढलं होतं. हे जरा इकडं तिकडं फिरले.

"इथं आसंल," म्हणाले. थोड्या वेळानं, "नायतर तिथं."

मी दोन्ही ठिकाणी उभी राहिले. मग घरी आलो.

त्यानंतर आम्ही बोलके झालो, असं नाही. पण मला काही हवं असलं की मी विचारायला लागले, आणि विचारलं की हे सांगायचे. क्वचित आपणहूनही. एकदा जेवताना घास हातात धरून म्हणाले, "तिचा उजवा डोळा जरा उघडा व्हता."

मी ऐकून घेतलं. मग त्यांना भाजी वाढली.