एकशे वीस खोकी

मार्च महिना आला की आमच्या खात्यात माणसं उरत नसत, नुसत्या सह्या उरत. मंजूर झालेला पैसा एकतीस तारखेपर्यंत खर्च झाला नाही तर परत जायचा, आणि पुढच्या वर्षी ‘तुम्हाला लागतच नाही’ म्हणून तरतूदही कापली जायची. म्हणून रीतच पडली होती. माल यायच्या आधीच ‘माल मिळाला, तपासला’ असं लिहून सही करायची, बिल पास करायचं, आणि माल सावकाश एप्रिलमध्ये उतरवून घ्यायचा. संगणकीकरणाच्या खर्चाची लेखाधिकारी मी. त्या वर्षी साठ संगणकांवर मीही अशीच सही ठोकली. एप्रिल संपत आला तरी ऑफिसात एक वायरसुद्धा आली नव्हती.

पुरवठादार फोनवर गोड बोलायचा. माल गोडाऊनमध्ये तयार आहे, फक्त गाडी मिळत नाही म्हणायचा. आमचे साहेब म्हणायचे, “येईल हो. उगाच जिवाला घोर लावून घेता तुम्ही.” त्यांचं काय जात होतं! सही माझी होती. मे महिन्यात ऑडिटवाले येणार होते. साठ संगणक दाखवा म्हणाले असते तर मी काय दाखवणार होते? मीरा रोडच्या आमच्या फ्लॅटचा हप्ता माझ्याच पगारातून जायचा. निलंबन झालं तर तो कोण भरणार होतं?

गोडाऊन काशीमीऱ्याला होतं, घरापासून रिक्षाने वीस मिनिटांवर. सुट्टीच्या शनिवारी, घरी भाजीला जाते सांगून, पर्समध्ये पुरवठादाराने दिलेल्या माल-चलनाची प्रत टाकून मी तिथे गेले.

रखवालदार तिथल्याच जुन्या गावातला, वयस्कर माणूस होता. त्याने शटर वर केलं. खोकी होती! एका संगणकाची दोन, एक मॉनिटरचं आणि एक सीपीयूचं. मी बोट लावून मोजली. बरोबर एकशे वीस. मला रडूच यायचं बाकी होतं.

“काल पन एक सायेब मोजून गेला,” रखवालदार म्हणाला.

“आमच्या ऑफिसातून?”

“न्हाय बाय, दुसऱ्या खात्याचा. हीच खोकी मोजली त्याने. दुसरा माल हाय कुठं?”

 एकच माल दोघांना विकला होता. मी बाहेर येऊन साहेबांना मोबाइल लावला. ते म्हणाले, “त्यांनी उचलायच्या आत उचला. काशीमीऱ्याला टेम्पोंना काय तोटा? भाडं मी बघतो.”

खरं तर पोलिसांत जायला हवं होतं. पण पोलिसांनी पहिला प्रश्न हाच विचारला असता, की माल न बघता सही कोणी केली? मी हायवेवरून दोन टेम्पो ठरवले. चलन बघून रखवालदाराने माल सोडला. पहिला टेम्पो गेला. दुसरा भरत असताना गेटपाशी प्रत्येक रिक्षा थांबली की मी वळून बघत होते.

शेवटचं खोकं चढलं तेव्हा तो, काल मोजून गेलेला साहेब, आला. माझ्याच वयाचा, काखेत फाइल, शर्ट घामाने ओला. आधी त्याने रिकामं गोडाऊन पाहिलं, मग टेम्पोकडे बघत ओठ हलवून मोजायला लागला. मोजता मोजता थांबला.

“मॅडम, यात आमचे किती आहेत?” त्याने विचारलं. आवाज अगदी हळू. “मी मार्चमध्येच सही करून बसलोय हो.”

त्याच्या हातातलं चलन मला दिसत होतं. तोच पुरवठादार, तोच शिक्का. मी त्याच्याकडे न बघता म्हटलं, “सगळे आमचेच आहेत,” आणि ड्रायव्हरशेजारी चढून बसले.

टेम्पोला वाट द्यायला तो बाजूला झाला. आणि सवयीने म्हणाला, “थँक यू, मॅडम.”