ओळखीची खूण

तार नंदुरबारच्या कापसाच्या जिनात आली होती. मुनीमजी ती घेऊन दमणीतून आमच्या गावी आले आणि ओसरीवर चढण्याआधी त्यांनी पगडी काढून हातात घेतली. मी दाराआडून ते पाहिलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं... ज्या शेटजींनी ह्यांना इथल्या जिनातून आफ्रिकेतल्या जिनात नेलं होतं, त्यांची तिकडची माणसं, ह्यांच्यासकट, एका मोठ्या तलावातून होडीनं जात होती. होडी उलटली. बरेच जण बुडाले आणि प्रेतं सापडली दोघांचीच, तीही काही दिवसांनी; त्यांत एक हे असावेत असा तिकडच्यांचा अंदाज होता. सासूबाईंनी एकच धोशा लावला, "मन्हा दौलतले घर आना. जसा व्हई तसा आना." सासरे मुनीमजींबरोबर नंदुरबारला गेले, तारेमागून तारा केल्या. उत्तर आलं की मयत आगबोटीवर घेत नाहीत. तोवर तिकडच्या आपल्या लोकांनी दोघांनाही अग्नी दिला होता आणि अस्थी दोन मडक्यांत वेगवेगळ्या बांधून ठेवल्या होत्या.

मी लोणखेड्याची मुलगी, चौथीपर्यंत शिकलेली. मला लिहिता येतं, बोलता येत नाही, आणि हे त्यावरूनच मला फार चिडवायचे. "मन्हासंगे नही ते भिंतले तरी सांग काही," म्हणायचे. जिनातून आले की त्यांच्या कपड्यांना तेलाचा आणि सरकीचा वास यायचा. यंत्र बंद पडलं की शेटजी आधी ह्यांना हाक मारत, पण घरी त्याचा कधी तोरा नव्हता. चारचौघांत आम्ही एकमेकांकडे पाहतसुद्धा नव्हतो. आमच्याकडे तशी रीतच नाही.

अस्थी पाठवायला तिकडचे तयार होते, पण कुठल्या मडक्यात कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं. पाण्यानं चेहरे ठेवले नव्हते आणि दोघांच्या अंगावर जिनातले सारखेच कपडे. अग्नी देण्याआधी डॉक्टरनं दोघांच्या अंगावरच्या खुणा तेवढ्या लिहून घेतल्या होत्या. तो कागद घेऊन मुनीमजी पुन्हा आले, पण तो आधी वाचून दाखवायला तयार होईनात. "पाटील, तुम्हीच सांगा तुमच्या मुलाच्या अंगावर काय होतं. चूक झाली तर परक्याच्या अस्थी तुमच्या हातून तापीत जातील आणि तुमचा मुलगा तिकडंच पडून राहील."

सासूबाई लगेच म्हणाल्या, "उजवा गुडघावर खोक शे, कोयतानी. ल्हानपने पडना व्हता."

मुनीमजींनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला. "माँजी, गुडघ्यावर दोघांच्याही काही नाही."

"मंग तो मन्हा नही!" सासूबाई उठूनच उभ्या राहिल्या. "मन्हा दौलत जित्ता शे! आन वं बेटी, गूळ आन, मुनीमजीले पानी दे." कित्येक दिवसांनी त्यांनी स्वतः चूल पेटवली. सासऱ्यांनीही पाठ भिंतीला टेकवली आणि मोठा श्वास सोडला... मी गुळाचा डबा हातात घेऊन तशीच उभी. गुडघ्यावरची ती खोक मी कधी पाहिलीच नव्हती. मुलगा मोठा होता होता ती मिटून गेली असावी. मला दुसरी खूण माहीत होती.

आफ्रिकेला जाण्याआधीची गोष्ट. जिनात वाफेच्या नळावर हे पाठमोरे आदळले आणि कमरेखाली भाजले. "मायले सांगू नको, ती माले जिनमा जाऊ देवाव नही," म्हणाले. मी कोरफडीचा गर काढून आणला आणि तोंड फिरवून लावायला लागले. हे पालथे पडून हसतात, "डोया झाकीसन लावशी ते कोठे लागी?" जखम भरली, पण डाग राहिला. चिंचेसारखा वाकडा.

मी सासूबाईंच्या कानात सांगितलं. त्या मोठ्यानं म्हणाल्या, "काही नही तठे! मी त्याले न्हावाडं, धुवाडं. माले माहीत नही आनि तुले माहीत?" आता ओसरीवरच्या सगळ्यांनीच ऐकलं. मुनीमजींनी विचारलं, "सूनबाई काही म्हणतात का?" सासूबाईंनी माझं मनगट धरलं होतं. तेव्हा मला वाटलं की त्या रागावल्यात. तसं नव्हतं. त्या मला थांबवत होत्या... मी गप्प राहिले असते तर आमच्या घरात हे जिवंत राहिले असते, आणि तिकडे कुणाच्या तरी फळीवर बेवारस मडकं.

सासरे म्हणाले, "बोल, बेटी." लग्न होऊन आल्यापासून त्यांनी माझा आवाज ऐकला नव्हता. आणि ऐकला तो असा, "कमरना खाले, मांगे, डावा अंगले. भाजायेल शे. चिंचसारखं वाकडं."

मुनीमजींनी कागदाची घडी घातली. "हेच लिहिलंय," ते म्हणाले.

त्या क्षणी मला बरं वाटलं. कसं लिहू हे... माझा माणूस मेल्याचं नक्की झालं आणि मला बरं वाटलं, की माझं खरं ठरलं, की ह्यांच्या आईलाही माहीत नव्हतं ते मला माहीत होतं. मग सासूबाई चुलीपुढं बसल्या आणि त्यांनी पेटतं लाकूड ओढून पाणी घालून विझवलं. त्याचा चर्र आवाज झाला तेव्हा मला माझी लाज वाटली. सासऱ्यांसमोर बोलल्याची लाज केव्हाच मागं पडली होती. विहिरीवर बाया म्हणाल्या, "बोलत नही, बोलत नही, आनि बोलनी ते काय बोलनी!" त्यांचं मला काही लागलं नाही. त्यांना आतलं ठाऊक नव्हतं.

मडकं आलं. तापीकाठच्या प्रकाशाला जाऊन सासऱ्यांनी अस्थी सोडल्या. सासूबाई माझ्याशी कामापुरतंच बोलत. मग एकदा ज्वारी निवडता निवडता, मान वर न करता, त्यांनी विचारलं, "दुखे का त्याले?"

"नही," मी म्हटलं.

"उभा उभाच खाये तवय. मी म्हने, घोडासारखं काय खास, बठ ना खाले..." त्या पुन्हा ज्वारी निवडू लागल्या.

भाजलं त्या दिवसांत हे मधघरातल्या खांबाला डोकं टेकून, ताटली हातात धरून जेवायचे. पुढं ती सवयच लागली. खांबावर त्यांच्या डोक्याच्या उंचीला तेलाचा काळा डाग पडला आहे. घरात कुणी नसलं की मी टाचा उंचावून तिथं हात लावते, आणि कुणी आलंच तर जळमट काढल्यासारखं करते. काल सासूबाई अचानक आत आल्या. माझा हात वरच होता.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "तठलं जळमट मी सकायमाच काढं."