उपाशीपोटी घेतलेली गोळी

आष्ट्याच्या चंदनाकाकूंच्या हातची शेंगदाण्याची चटणी गल्लीभर जायची. उदासीवरच्या गोळ्या सुरू झाल्या आणि त्याच चटणीच्या वासानं त्यांना उमळून येऊ लागलं. तोंडाला सारखी गंजाची चव. स्वतःच्या थुंकीचीसुद्धा किळस वाटायची.

"एवढं हुतंय तर सोड की गोळ्या," नवरा मदन म्हणाला.

"आन् परत भिंतीकडं तोंड करून पडू व्हय?"

त्या तडक सांगलीला डॉक्टरांकडं गेल्या. काकू सकाळी मंदिरात जाण्याआधी उपाशीपोटीच गोळी घेतात, हे ऐकून डॉक्टरांनी ती दुपारी जेवणानंतर घ्यायला सांगितली. हळूहळू मळमळ कमी झाली. गोळी हातात घेतली की काकू अजून तोंड वाकडं करतात. पण खाल्लेलं पोटात राहतं आणि सकाळी उठावंसं तरी वाटतं.