साक्षीला ठेवलेली कातडी

“साहेब, रंग चुकला असता तं दोघायचाही चुकला असता,” असं पुंडलिकराव एकदाच म्हणाले, आणि तेही हळू आवाजात.

वर्ध्याच्या एका रुग्णालयात, एकोणीसशे एकोणऐंशी साली, ते प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते. रोग्याच्या अंगातून काढलेला तुकडा मेणात बसवायचा, त्याचे केसाहून पातळ काप काढायचे, ते काचेवर घेऊन रंगवायचे आणि डॉक्टर देवतळ्यांच्या सूक्ष्मदर्शकाशेजारी ठेवायचे, एवढं त्यांचं काम. बघून निदान करणं डॉक्टरांचं.

त्याआधी अकरा वर्षं ते नालवाडीच्या बाजूला खादीचं सूत रंगवत होते. तिथल्या म्हाताऱ्या रंगाऱ्यानं त्यांना एक सवय लावली होती. नवं सूत कढईत सोडताना ओळखीच्या जुन्या सुताची एक लड सोबत सोडायची. रंग वेगळा उतरला तर त्या लडीकडे बघायचं. ती ठीक असेल तर दोष कढईचा नाही, सुताचा. तो म्हातारा त्या लडीला साक्षीदार म्हणायचा.

त्या उन्हाळ्यात तपासायला आलेला एक तुकडा गोपिकाबाईच्या हाताचा होता. गोपिका पवनारची, पुंडलिकरावांची मानलेली बहीण. धाम नदीच्या काठी तिचा भाजीपाल्याचा मळा. आदल्या पोळ्याला कढईतलं उकळतं तेल तिच्या उजव्या तळव्यावर सांडलं. जखम भरली, पण व्रण जाड आणि लाल होत गेला आणि त्यानं चारही बोटं मुठीत ओढून घेतली. एकदा शस्त्रक्रिया करून बोटं सोडवली होती. दोन महिन्यांत मूठ पुन्हा मिटली. आता सोमवारी दुसरी शस्त्रक्रिया ठरली होती. व्रण शांत झाला असेल तरच कापायचं, म्हणून सर्जननं हा तुकडा पाठवला होता.

ज्या रंगात तो तुकडा बुडवायचा, त्यात व्रणाचे धागे निळे होतात आणि स्नायू लाल. धाग्यांमधल्या पेशी बारीक, फिकट, दिसल्या न दिसल्यासारख्या असायला हव्यात. इथं त्या फुगलेल्या होत्या, ओळीनं पडलेल्या, आणि लाल.

“पुंडलिकराव, हे काय करून ठेवलं?” देवतळे म्हणाले. “व्रणात स्नायू कुठून येणार? आपल्याला लुगडी रंगवायची नाहीत इथं.”

पुंडलिकरावांनी दुसरा काप रंगवला. तोही तसाच. या वेळी डॉक्टरांनी काच नुसती बाजूला सरकवली. ते जास्त लागलं.

तिसऱ्या वेळी पुंडलिकरावांनी निरोगी कातडीचा एक जुना तुकडा शोधला आणि दोन्ही तुकडे एकाच मेणात शेजारी शेजारी बसवले. एकच पातं, एकच काच, एकच रंग. निरोगी कातडीतले धागे निळे निघाले, केस उभे करणारा चिमुकला स्नायू लाल निघाला, आणि पेशी फिकटच राहिल्या. पलीकडे गोपिकाच्या व्रणातल्या पेशी लालच होत्या. काच डॉक्टरांसमोर ठेवून तेव्हा ते रंग चुकण्याचं वाक्य ते बोलले.

देवतळे बराच वेळ डोळा लावून बसले. मग कपाटातून एका परदेशी मासिकाचा जुना अंक काढून त्यांनी पानं उलटली.

“तुमचं बरोबर आहे,” ते म्हणाले. “ही धागे विणणारी पेशी. जखम झाली की तिला बोलावणं जातं. ती येते, विणते आणि विणता विणता स्नायूसारखी होऊन ओढायला लागते. ओढते म्हणून तर जखम मिटते. काम संपलं की ती मरते म्हणे, नाही तर पुन्हा पहिल्यासारखी होते. ही मात्र थांबलेली नाही. यकृतात, फुप्फुसातही असंच होत असेल, कोणी सांगावं?”

“अन् औषध?”

“तिला तिचं जुनं काम आठवेल असं औषध अजून नाही. निघेल कधीतरी. आज आपल्याकडे व्रणात द्यायची सुई आहे, घट्ट पट्टा आहे, बोटं ताणून धरणारी फळी आहे. आणि थांबणं. आत्ता कापलं तर ती पुन्हा ओढणार.”

पुंडलिकरावांना सुताचा स्वभाव ठाऊक होता. कापूस कितीही बुडवा, कापूसच राहतो. मांस असं नसतं, हे त्यांना त्या दिवशी कळलं. एखाद्याला मदतीला बोलवावं आणि तो दुसराच कोणी होऊन घरात राहून जावा. त्याला हाकलणार तरी कसं?

शस्त्रक्रिया आठ महिने पुढे गेली. सोमवारी सकाळी वॉर्डातून गोपिका तडक प्रयोगशाळेत आली.

“पुंडलिकभाऊ, तुमी सांगतलं डॉक्टरले?”

“हो.”

“काऊन? मले कोनी इचारलं?”

देवतळ्यांनी तिला समजावून सांगितलं, चित्र काढूनही दाखवलं. ती सगळं ऐकून हसली.

“साहेब, तुमी एका हातानं मेथीची जुडी बांधून दाखवा, मंग थांबीन मी. जुड्या आता सून बांधून राह्यली. बाजारात थेच जाते. मले म्हन्ते, मामीजी, तुमी बसा. बसल्या जागी ताट आनून देते. पाव्हनी झाली मी माह्याच घरात. आठ महिन्यानं हात उघडला तरी माही जागा उघडी राहीन का?”

डॉक्टरांनी पुंडलिकरावांकडे पाहिलं. तिच्या ओळखीचं माणूस तेच होतं. आता बोलायचं होतं ते त्यांनीच.

“रंगाचं लय समजते ना तुमाले,” गोपिका म्हणाली आणि मिटलेली मूठ तिनं त्यांच्यापुढे धरली. “मंग तुमीच उघडून द्या.”

पुंडलिकरावांनी तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. अंगठा तिच्या बोटांखाली घालून हळूहळू वर रेटला. बोटं जराशी हलली आणि थांबली. आतून कोणीतरी ओढून धरल्यासारखी. त्यांनी आणखी जोर लावला नाही. तिचा हात त्यांनी टेबलावर अलगद टेकवला, आणि ते बाहेर निघून गेले.