जिवंत माणसाचा दहावा

नोकरीत प्रेतं पुष्कळ पाहिली आणि बहुतेक विसरलो. विसरता येत नाही तो एक जिवंत माणूस. त्याच्या प्रेताचा पंचनामा मी त्याच्याच समोर उभं राहून वाचला होता.

साक्री तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. नावं कोणाचीच देत नाही, कारण ती माणसं अजून तिथंच नांदताहेत. बाजाराचा दिवस होता, भर दुपार. गावोगावी हजामतीला फिरणारा एक म्हातारा न्हावी ठाण्याच्या पायरीवर येऊन बसला. त्याची खबर कधी खोटी निघाली नव्हती. गावात काय शिजतंय ते न्हाव्याला आधी कळतं आणि पोलिसाला शेवटी, हे मी नोकरीच्या पहिल्या वर्षीच शिकलो होतो.

"साहेब, आज जित्ता माणूसना दहावा व्हयना," तो म्हणाला. "डोकं मीच भादरं. पिंड मांडा, आनि कावया लगेच शिवना."

मी हसलो. तो हसला नाही. दहाव्याच्या पिंडाला कावळा शिवेना की घरचे हात जोडतात, मेलेल्याची कोणती इच्छा राहिली ते आठवत तासन्‌तास उन्हात ताटकळतात. इथे तर मेलेलाच कोणी नव्हता, आणि कावळा वाट पाहत बसल्यासारखा लगेच येऊन शिवला होता.

हवालदाराला गावात पाठवलं. तो संध्याकाळच्या आत परतला. दहावा पांझरा नदीच्या काठी झाला होता, एकाने मोबाईलवर सगळं चित्रीकरण केलं होतं, घरात फोटोला हार होता. मृत्यूची नोंद मात्र ग्रामपंचायतीत नव्हती, आमच्याकडे आकस्मिक मृत्यूची खबरही नव्हती. "आणि साहेब," हवालदार म्हणाला, "ज्याच्या फोटोला हार आहे, तो स्वतः ओट्यावर बसलाय. त्याच्याकडे कोणी बघत नाही."

दुसऱ्या दिवशी तिघांना ठाण्यात बोलावलं. ओट्यावर बसलेला तो माणूस, म्हणजे घरचा थोरला मुलगा, त्याची विधवा आई, आणि दहाव्याला डोकं भादरलेला चुलतभाऊ. थोरला तिशीचा, अंगापिंडानं मजबूत, पण डोळे खोल गेलेले.

"दहा दिन वावरमा लपी ऱ्हाय म्हनेत, मी ऱ्हायनू," तो म्हणाला. "घर उनू तर माले कोनी ताट वाढस नही, साहेब. मी शे का नही, ते तुम्हीच सांगा."

मी आईकडे वळलो. "अक्का, हा तुमचा मोठा मुलगा ना?"

तिनं माझ्या डोक्यावरच्या भिंतीकडे पाहिलं. "व्हता, साहेब. चांगला व्हता."

"अहो, तो तुमच्या शेजारी उभा आहे."

"व्हता," ती शांतपणे म्हणाली. "कावया शिवना ना."

खोटं बोलणारा माणूस मला ओळखू येतो. त्याची मान अवघडते, हाताला काही तरी चाळा लागतो. ही बाई खोटं बोलत नव्हती.

चुलतभाऊ मात्र तासून गुळगुळीत केलेल्या डोक्यावरून सारखा हात फिरवत होता. त्याला आत बसवलं, चहा दिला आणि काहीच विचारलं नाही. गप्प बसलेला अधिकारी फार जणांना सोसत नाही. चहा निवायच्या आत तो बोलू लागला. धाकटा भाऊ जर्मनीत होता. तिथं राहायला मिळावं म्हणून त्यानं आश्रय मागितला होता. शहराच्या देवपूर भागातल्या एका एजंटानं गोष्ट रचून दिली होती, की शेताच्या वादात थोरल्याला मारलं आणि आता धाकट्याची पाळी आहे. दहावा त्या गोष्टीचा पुरावा.

देवपुरात पंच घेऊन एजंटाच्या जागेची झडती घातली. आमच्या ठाण्याचा बनावट गोल शिक्का मिळाला, माझी खोटी सही असलेली एफआयआर मिळाली. गुन्हा नंबर रजिस्टरला ताडून पाहिला, तर तो एका बकरीचोरीचा निघाला. सोबत धाकट्यासाठी रचलेली गोष्ट होती, ती वाचली तेव्हा डोकंच फिरलं. गोष्टीप्रमाणे खुन्यांना सामील असलेला अधिकारी म्हणजे खुद्द मीच!

एजंट निवांत होता. त्यानं मला शिकवणीच दिली. "साहेब, तिथं पोचल्यावर सांगायचं, मला आश्रय पाहिजे. फोटो, बोटांचे ठसे, मग छावणीत खाट. आधी छोटी चौकशी, कोणत्या रस्त्यानं आलास ती. खरी मुलाखत नंतर, कधी कधी दिवसभर चालते. एक अधिकारी, एक दुभाषी. सगळं टाइप होतं, पुन्हा त्याच्या भाषेत वाचून दाखवतात, चुकलं असेल तर दुरुस्त करता येतं. निकाल टपालानं. नकार आला तर ठरलेल्या दिवसांत कोर्ट."

"आणि तुझा कागद खोटा आहे हे ते आम्हाला विचारत नाहीत?"

"कसं विचारतील? माणूस तुमच्यापासूनच पळून आला असेल तर?"

त्या नियमाचा मला राग आला नाही. खरोखर जीव मुठीत धरून पळालेल्या माणसाला त्याचाच आधार असतो. राग आला तो त्या आधारावर दुकान मांडणाऱ्याचा. एजंट म्हणाला, "कागद कोणीही आणतो. ते माणसाचं बोलणं तोलतात. म्हणून सगळ्या घराकडून पाठ पक्कं करून घेतलं." आईला तो रोज फोन करी. जर्मनीतून नेमलेला कोणी वकील गुपचूप चौकशीला आलाच तर 'शे' म्हणायचं नाही, 'व्हता' म्हणायचं. महिनाभर रोज.

जप्त कागदांत प्रेताचा पंचनामा होता. थोरल्याला खाटेवर निजवून, अंगावरच्या खुणा मोजून तो लिहिला होता. मी थोरल्याला समोर उभं केलं आणि वाचत गेलो. उजव्या भुवईवर जुना व्रण. होता. डाव्या मनगटावर गोंदण. होतं. प्रत्येक खूण जुळली. सवयीनं माझं पेन खाली 'ओळख पटली' लिहायला टेकलं, आणि थोरल्यानं घाबरून माझा हात धरला.

एजंटावर बनावट दस्तऐवज आणि खोट्या शिक्क्याचा गुन्हा दाखल केला. आईचा जबाब दोनदा लिहिला, दोन्ही वेळा 'व्हता' आलं. भिंतीवरचा हार मी स्वतः काढला. तरी ताट वाढलं गेलं नाही. थोरला चुलत्याकडे जेवायचा आणि आईच्या ओट्यावर येऊन बसायचा.

काही महिन्यांनी धाकटा परत आला. अर्ज नाकारला गेला होता. तिथल्या कोर्टात जायची मुदत होती, तो गेलाच नाही. जबाबाला माझ्यासमोर बसला तेव्हा मी विचारलं, कुठं चुकलास?

"बठ्ठं, सारंच पाठ व्हतं, साहेब. मुलाखत लेनारी बाईनं इचारं, भाऊ कसा व्हता? मी सांगं, मना दादा लई हुशार शे. दुभाषी पुण्याकडला. म्हणे, शे म्हणजे काय? मीच सांगं, शे म्हणजे आहे."

"नंतर वाचून दाखवलं असेल ना? दुरुस्त करायचंस."

"दाखाडं. 'माझा दादा हुशार आहे.' बरोबर का, म्हणे. साहेब, दादाले मी आखो एकदाव कसा मारू? बरोबर शे म्हनं, नि सही करी दिन्ही."

घरी पोचल्यावर त्यानं दारातूनच हाक दिली होती, "माय, दादा कोठे शे?" चुलीपाशी बसलेली आई वळून न बघता म्हणाली, "वावरमा शे, यी जाई." आणि मग तिचं तिलाच ऐकू आलं. धाकटा सांगत होता, ती कितीतरी वेळ रडत होती, आणि त्या दिवशी तिनं दोन ताटं वाढली.

तेव्हापासून जबाब वाचताना मी आधी क्रियापद पाहू लागलो. माणूस नावं पाठ करतो, तारखा पाठ करतो; पण आपलं माणूस आहे की होतं, हे जीभ त्याच्या परवानगीशिवाय सांगून टाकते. आणि तीच जीभ रोज घोटून बिघडवताही येते, हेही मी त्या घरात पाहिलं.

निवृत्तीनंतर एकदा त्या गावावरून जाताना थोरल्यानं मला जेवायला बसवलं. आई आग्रहानं वाढत होती, घर हसतंखेळतं होतं. समोरच्या लिंबावर कावळा येऊन बसला. थोरला बोलता बोलता थांबला, डावा हात ताटावर आडवा धरला, आणि तो उडून जाईपर्यंत एक घास घेतला नाही.