नगावर, रोजावर, महिन्यावर: पोशीर ते खालापूर, तीन दिवस

सोमवारी शोभाताईंनी मला एक प्रश्न विचारला आणि शुक्रवारी मी स्कूटर काढून डोंबिवलीबाहेर पडले. या दोन गोष्टींचा संबंध आहे. तो आधीच सांगते, म्हणजे लेणी आणि धरण बघायला आलेल्यांची फसगत नको.

माझा कापडी पिशव्या शिवायचा छोटा धंदा आहे. भाड्याचा गाळा, सहा मशिनं, सहा बायका. पैसे नगावर, म्हणजे जितक्या पिशव्या शिवल्या तितके. गेली नऊ वर्षं हेच चाललंय आणि मला ते सरळ वाटायचं. शोभाताई पहिल्या दिवसापासून माझ्याकडे आहेत. साठीला आल्यात. दिवाळीच्या आधीपासून त्यांच्या उजव्या हाताला मुंग्या येतात, दोरा ओवायलाही वेळ लागतो. सोमवारी डबा खाऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, "मला महिन्यावर ठेवाल का? कमी द्या, पण ठरलेलं द्या."

समोरच्या मशिनवर रेखा बसते. सगळ्यांत वेगवान हात तिचा. तिनं मान वर न करता म्हटलं, "मग मलाही ठेवा महिन्यावर. मीही सावकाश शिवते."

कोणी हसलं नाही. मी म्हटलं, पुढच्या सोमवारी सांगते. आणि मग चार दिवस त्या दोघींच्या डोळ्याला डोळा भिडवणं जमेना, म्हणून कुंदाला फोन केला.

कुंदा आणि मी वीस वर्षांपूर्वी एका कपड्यांच्या कारखान्यात शेजारी बसून शिवायचो. ती लग्न करून पोशीरला गेली. "ये की, कापणी चालू हाय, हाताला विळा देते," म्हणाली.

डोंबिवलीहून बदलापूर, वांगणी, शेलू करत नेरळ. सकाळी सातला निघालात तर दीड-दोन तास पुरतात. वांगणीच्या पुढे रस्ता बराच बरा आहे, पण वळणांवर डंपर सांभाळा. टाकी निघतानाच भरून घ्या. नेरळला मिसळ खाल्ली आणि कळंबच्या रस्त्याला लागले. दोन्हीकडे पिकलेलं भात, मागे माथेरानचा डोंगर. फोटो काढायला थांबायचंच असेल तर रस्ता सोडून थांबा.

कुंदाच्या शेतात चौदा माणसं वाकलेली होती. त्यातली अकरा सावडीची. सावड म्हणजे आज तुम्ही माझ्या शेतात, उद्या मी तुमच्या. पैसा नाही, दुपारचं जेवण तेवढं ज्याचं शेत त्याच्याकडे. उरलेल्या तीन बायका रोजावर आल्या होत्या. त्यांना स्वतःचं शेत नाही, त्यामुळे त्यांच्याकडे परत जाऊन कापायचं काय? त्यांना पैसे आणि जेवण.

मी अर्धा तास विळा चालवला आणि कंबर धरून बांधावर बसले. तिथून एक गोष्ट दिसली. यशोदाआक्का नावाची एक म्हातारी सगळ्यांच्या मागे पडली होती. बाकीच्यांच्या दोन ओळी झाल्या तरी तिची एक संपत नव्हती.

जेवताना मी कुंदाला हळूच विचारलं, "उद्या या आक्कांच्या शेतात तुझ्या घरचं कोण जाणार?"

"मी जाणार."

"तू तर त्यांच्या दुप्पट कापतेस."

"मग? माणूस आला की माणूस जातो गं. पेंढ्या कोण मोजतंय?" मग तीच म्हणाली, "पण रोजावरच्या बायका बघ. त्यांच्यातली मंजू गेल्या साली आजारी होती, हळू कापायची. यंदा तिला कुणी बोलावलंच नाय. मी बी नाय बोलावलं."

मी ताटातला भात चिवडत बसले. सावडीनं मी भारावून जात होते, तोवर तिनंच ते असं सांगून टाकलं. कुंदा कारखान्यातही अशीच होती. स्वतःची बाजू राखून बोलणं तिला कधी जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिच्या घरून निघून कर्जतमार्गे कोंडाणे. गावात गाडी लावा, चहाच्या टपरीवाल्याला सांगून ठेवा, आणि पाणी सोबत घ्या, वर काही मिळत नाही. तासाभराची जंगलातली चढण आहे, पायवाटेला फाटे फार. म्हणून टपरीवर वाट दाखवणारं कोणी आहे का असं विचारलं तर गौतमकाका पुढे आले. साठीचे, पायात रबरी चपला, आणि चाल माझ्यापेक्षा हलकी.

"किती घ्याल काका?"

"द्या खुशीनं."

लेण्यांपाशी पोचल्यावर मी बराच वेळ नुसती उभी होते. डोंगराच्या पोटात कमान, आत मोडके खांब, आणि दगडात कोरलेल्या, लाकडाच्याच वाटणाऱ्या तुळया! लाकूडकाम करणाऱ्या हातांची सवय दगडावर तशीच उतरलेली. काकांनी चपला काढल्या, हात जोडले. त्यांचं घर बौद्ध, पौर्णिमेला सगळी वाडी इथं येते म्हणाले. मग दर्शनी भागातलं एक झिजलेलं शिल्प दाखवलं. त्याच्याजवळ अक्षरांची एक ओळ आहे. "अमक्याच्या शिष्यानं हे केलं, असं लिवलंय म्हणतात. करणाऱ्याचं नाव हाय."

"आणि त्याला काय मिळालं असेल?"

"ते नाय लिवलेलं," काका म्हणाले.

उतरल्यावर पैसे द्यायची वेळ आली आणि मी घोटाळले. दोनशे? पाचशे? त्यांच्या तोंडाकडे बघून काही कळेना. शेवटी चारशे दिले आणि विचारलं, "ठरवून का नाही घेत?"

"पयले ठरवायचो. मग लोक म्हनायचे, एवढ्याशा वाटेचे एवढे? पुढं जाऊन दुसरा बघायचे. खुशीवर सोडलं तर माणूस संगती येतो तरी." त्यांनी नोटा न बघता खिशात ठेवल्या. "कोण शंभर देतं, कोण फोटो काढतं आणि जातं. आपण काय बोलनार? खुशी त्यांची."

चारशे बरोबर होते का, ते मला अजून माहीत नाही. तुम्ही गेलात तर एवढं करा, किती द्यायचं ते चढण्याआधी तुम्हीच सांगा.

मुक्काम पळसदरीला होता. कुंदाचा भाऊ दिलीप तिथं एका फार्महाउसची राखण करतो. मालक मुंबईत असतात. खोलीचे बाराशे मालकांना फोनवरून पाठवले. जेवणाचे अडीचशे वेगळे, ते दिलीपच्या बायकोला मिळतात, हे मला आवडलं. संध्याकाळी धरणाच्या भिंतीवर फिरून या, पाण्यात मात्र उतरू नका.

खरं सांगायचं तर पळसदरीला मी उत्तर शोधायलाच गेले होते. दिलीप महिन्यावर. ठरलेला पगार, राहायला खोली, वीजबिल मालकाचं. शोभाताई मागत होत्या तेच. त्याची बायको भाकऱ्या थापत होती आणि आम्ही ओट्यावर बसलो होतो. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. "हो साहेब. हो, फाटकापाशीच हाय." तो उठला, फाटकावरच्या कॅमेऱ्यापुढे जाऊन उभा राहिला आणि परत येऊन बसला.

"रोज असतं का हे?"

"दोन-तीन टायमाला. त्यांना काळजी वाटते." मग म्हणाला, "ताई, मालक वाईट नाय. एक पण महिना पगार चुकला नाय माझा."

"मग बरंच आहे की."

तो ओट्याच्या कडेला बोट फिरवत राहिला. "आमचे बाबा शेवटी कुंदाकडेच होते. ते गेले तेव्हा इथं पंचवीस पाहुणे होते. दुपारी कुंदाचा फोन आला, लवकर ये रं. मी मालकांना फोन लावला. ते म्हणाले, तेवढं जेवण आटपून जा, मी दुसरा माणूस बघतो. मी पाहुण्यांना वाढलं. भांडी गोळा केली. निघालो तेव्हा पाच वाजले होते. पोशीरला पोचलो तर अंगणात तिरडी बांधायला घेतलेली." मग म्हणाला, "त्या महिन्याचा पण पगार पुरा दिला त्यांनी. चार दिवस गेलो होतो तरी."

आतून त्याची बायको म्हणाली, "रोजावर असतात तर तेव्हाच निघाला असतात."

"रोजावर असतो तर पोरं शाळेत नसती," तो म्हणाला. हे त्या दोघांचं नेहमीचं बोलणं असावं.

तिसऱ्या दिवशी परत. आल्या वाटेनं न जाता पळसदरीहून खोपोली, तिथून जुन्या मुंबई-पुणे रस्त्यानं खालापूर, चौक, पनवेल आणि शिळफाट्यावरून डोंबिवली असा मोठा फेरा धरला. खोपोलीला वडापाव खाऊन निघाले तेव्हा आभाळ भरून आलं होतं. दिवाळी झाल्यावर पाऊस कसला, म्हणून रेनकोट घेतला नव्हता. खालापूर मागे पडलं आणि सरीनं गाठलं.

रस्त्याला लागून एक वीटभट्टी दिसली, तिथल्या झापाखाली शिरावं म्हणून स्कूटर आत घातली. पण झापाखाली कोणीच नव्हतं. सगळी माणसं मोकळ्या जागेत धावत होती. ओल्या कच्च्या विटांच्या रांगाच्या रांगा वाळत घातलेल्या, आणि त्यांच्यावर प्लास्टिक ओढायची झटापट चाललेली. एक बाई एकटीच एका मोठ्या प्लास्टिकच्या कागदाशी झगडत होती, वारा तो तिच्या हातातून हिसकावत होता. "ताई, धरा तिकडून!" ती ओरडली. मी धरलं. आम्ही दोघींनी तो ओढला, टोकांवर दगड ठेवले, दुसरा ओढला. तिसऱ्या रांगेपर्यंत पोचलो तोवर विटांच्या कडा विरघळायला लागल्या होत्या. हात लावला की बोट आत जात होतं.

वीस मिनिटांत पाऊस गेला. तिचं नाव सोनी. कातकरी वाडीतली, नवरा-बायकोची जोडी हंगामभर भट्टीवर असते, पैसे हजार विटांवर. नवरा त्या बसलेल्या विटांपाशी उकिडवा बसला होता.

"या किती दिवसांच्या?" मी विचारलं.

"दोन दिसांच्या."

"याचे पैसे?"

तिनं माझ्याकडे जरा आश्चर्यानं पाहिलं. "ही माती हाय. इटा कुठं हायत?"

नवऱ्यानं फावडं उचललं आणि स्वतःच थापलेल्या विटा फोडून पुन्हा चिखल करायला सुरुवात केली. तो चिडलासुद्धा नाही. मला ते बघवेना. मी पर्समधून पाचशेची नोट काढली.

"हे कशाचे?" सोनी म्हणाली.

"असू दे."

"तुमी बी प्लास्टिक ओढलंत. मग मी तुमाला रोज देऊ?" ती हसली, पण हात पुढे केला नाही. पदरानं तोंड पुसून ती नवऱ्याच्या शेजारी जाऊन माती तुडवायला लागली.

मी ओल्या कपड्यांनी स्कूटरवर बसले, पण लगेच निघाले नाही. गेल्या जूनमध्ये आमच्या गल्लीतला ट्रान्सफॉर्मर जळाला होता. दीड दिवस वीज नव्हती. सहाही जणी गाळ्यात बसून राहिल्या, घरी पाठवलं तर वीज येताच परत कशा येणार म्हणून मीच थांबवून घेतलं होतं. दोनदा चहा पाजला, एकदा समोसे आणले, आणि स्वतःला चांगली मालकीण समजले. दीड दिवसाचे पैसे कोणाला दिले नाहीत. पिशव्याच शिवल्या नव्हत्या ना! कोणी मागितलेही नाहीत. पाऊस माझ्या अंगावर पडूच नये अशी सोय मी नऊ वर्षांपूर्वी करून ठेवली होती आणि तिला सरळ हिशेब म्हणत होते.

चौकला चहा घेताना कुंदाला फोन केला. तिच्याकडे थोडाच शिंतोडा पडला होता, कापलेलं भात उचललं होतं. "कसा झाला प्रवास?" तिनं विचारलं. मी म्हटलं, नंतर सांगते.

सोमवारी मी सहाही जणींना समोर बसवलं. सगळ्यांना ठरलेला रोज, वीज असो नसो. त्यावर ठरावीक आकड्याच्या पुढे पिशव्या शिवल्या तर नगाचे वेगळे, पण आधीपेक्षा कमी दरानं. रोज किती ठेवला ते इथं लिहीत नाही, पण तो देता यावा म्हणून आणखी दोन मशिनं घ्यायचा विचार मी सोडला आणि स्वतः पुन्हा मशिनवर बसायला लागले. चार जणी खूश झाल्या. शोभाताई रडल्या.

रेखानं महिनाभर पाहिलं. तिला आधीपेक्षा कमी मिळत होतं, फार नाही, पण कमी. "मीनाताई, हा वेग मला कोणी दिला नाही," ती मला म्हणाली. "पोरगी तापानं फणफणत असताना इथं बसून कमावलाय. त्याचे पैसे वाटून टाकलेत तुम्ही." मी तिला आकडे समजावायला गेले, पण ती म्हणत होती ते खरंच होतं. तिला पुरेल इतका नगाचा दर वाढवायची माझी ऐपत नव्हती, हेही खरं होतं.

महिनाअखेरीस तिला कल्याणला एका कारखान्यात नगावर काम मिळालं. शेवटच्या दिवशी तिनं स्वतःची कात्री पिशवीत टाकली, सगळ्यांना भेटली. शोभाताईंच्या पाया पडली. मी जिन्यापर्यंत गेले. थांब म्हणायला माझ्याकडे काही नव्हतं.

परत आले तर शोभाताई आपल्या मशिनपाशी स्वतःची पिशवी खांद्याला लावून उभ्या होत्या.

"तिला हाक मारा. अजून रस्त्यावरच असेल," त्या म्हणाल्या. "मी जाते तिच्याऐवजी."

"बसा, शोभाताई," मी म्हटलं.

त्या बसल्या. बऱ्याच वेळानं त्यांच्या मशिनचा आवाज सुरू झाला.